तिथं कोणाच्या घरी जेवले? परदेशवास, शिकवणं आणि पांडुरंग खानखोजे



खापरखेड्यात बोलायला उभं राहिलं की घड्याळ लागत नाही. रात्रपाळीची मंडळी उठायला लागली की वक्त्यानं समजायचं, आता आवरा. तेव्हा आज त्याआधीच आवरायचा प्रयत्न करू.

मागच्या खेपेला आम्ही इथं आलो होतो, तेव्हा व्याख्यान संपल्यावर एका मुलीनं प्रश्न विचारला. शिक्षणानं इंजिनियर, लग्न ठरलेलं, लवकरच परदेशी जाणार होती. तिनं विचारलं, "सर, तिकडे पाच-सहा वर्षं राहून परत आले, तर आंतरसांस्कृतिक प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करता येईल का?" आम्ही "हो, अवश्य" म्हणून मोकळे झालो. नागपूरला परत जाताना गाडीत लक्षात आलं, की आपण विचार न करताच उत्तर दिलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. ती आम्ही इतिहासाच्या अंगानं करणार आहोत, कारण आम्हाला तेवढंच येतं.

आधी शब्द समजून घेऊ. आंतरसांस्कृतिक प्रशिक्षण हा शब्द जड आहे, काम साधं आहे. एका समाजातला माणूस दुसऱ्या समाजात नोकरीला, शिकायला किंवा धंद्याला जातो. तिथं हुकूम कसा देतात, नाही कसं म्हणतात, वेळ म्हणजे काय, वडीलधाऱ्यांपुढे कसं बोलतात, हे सगळं वेगळं असतं. ते आधी शिकवायचं, म्हणजे माणूस तोंडघशी पडत नाही. कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात आणि शिकवणारे त्यावर पोट भरतात. हा रीतसर व्यवसाय आहे.

पण हे काम पगार न घेता करणारी माणसं खापरखेड्यात कधीपासून आहेत. तुमच्या थर्मलची आजची क्षमता १३४० मेगावॅट, चार संच २१०चे आणि एक ५००चा. शेजारी वलनी, सिल्लेवाडा, चनकापूर अशा कोळशाच्या खदानी. या कामांवर माणूस फक्त सावनेर तालुक्यातला आला नाही. छत्तीसगडचा आला, उत्तर प्रदेशचा आला, बिहारचा आला, तेलुगू बोलणारा आला. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगितलंच असेल, की या साहेबापुढे असं बोल, त्या चाळीत सणाला असं वाग, बाजारात भाव असा कर. त्या सांगणाऱ्याचं नाव कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. पण प्रशिक्षक तोच होता.

आता आमची स्वतःची एक फजिती सांगतो, कारण आजचा विषय तिच्यातून सुरू होतो. आम्ही स्वतः चार वर्षं जर्मनीत काढली. परत आल्यावर आखाती देशांत जाणाऱ्या वेल्डर-फिटर लोकांची एक तुकडी आमच्यापुढे बसवली गेली. परदेशात राहून आलेला माणूस म्हणून आम्हाला बोलावलं होतं. जर्मनी कुठे आणि आखात कुठे! पण तेव्हा ते आम्हालाही खटकलं नाही. आम्ही दिवसभर याद्या सांगितल्या. हे करा, ते करू नका. सगळ्यांनी लिहून घेतलं. शेवटी मागच्या बाकावरचे एक पन्नाशीचे वेल्डर उठले. ते दोनदा आखातात जाऊन आलेले. म्हणाले, "सर, एक विचारू का? तुम्ही तिथं कोणाच्या घरी जेवले?"

आम्ही मनात मोजलं. चार वर्षांत तीन घरं. तिन्ही मराठी. एक पुण्याचं, एक नाशिकचं, एक अमरावतीचं.

त्या माणसानं आम्हाला टोमणा मारला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण त्या प्रश्नानं आमचा चार वर्षांचा परदेशवास एका वाक्यात मोजला. तीच मोजपट्टी आज आपण इतिहासातल्या काही माणसांना लावून बघू.

हा व्यवसाय निघाला कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला जगभर आपले अधिकारी पाठवायचे होते. माणसं हुशार होती, पण परक्या देशात गेल्यावर ती चुकायची, रुसायची, एकटी पडायची. त्यांना तयार करण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था होती. एडवर्ड हॉल नावाचे मानववंशशास्त्रज्ञ १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं शिकवत होते. अधिकाऱ्यांना संस्कृतीची व्याख्या, सिद्धान्त यांचा कंटाळा यायचा. ते म्हणायचे, आम्हाला कामाचं सांगा. मग हॉल यांनी लहान गोष्टींकडे मोर्चा वळवला. माणसं बोलताना किती अंतरावर उभी राहतात? दहा मिनिटं उशीर म्हणजे उशीर की नाही? गप्प बसणं म्हणजे होकार की नकार? याच विचारातून १९५९ मध्ये त्यांचं 'द सायलेंट लँग्वेज' हे पुस्तक आलं आणि या व्यवसायाचा पाया घातला गेला.

हॉल यांना हे सुचलं कुठून, तेही बघा. १९३०च्या दशकात, ऐन तरुणपणी, ते अ‍ॅरिझोनात नावाहो आणि होपी या आदिवासी समाजांच्या वस्त्यांवर बांधकामाच्या कामावर होते. म्हणजे ज्या माणसांकडून काम करून घ्यायचं, त्यांच्या वेळेची, त्यांच्या शब्दाची रीत समजल्याशिवाय बंधाऱ्याचा दगड हलत नव्हता. हॉल यांनी त्यासाठी समुद्रही ओलांडला नव्हता. त्यांचा पहिला परदेश त्यांच्याच देशात होता.

त्याच काळात कालेर्वो ओबर्ग नावाच्या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरोत एक भाषण दिलं. परक्या देशात गेल्यावर माणसाला बसणाऱ्या धक्क्याचं वर्णन त्यात होतं. सुरुवातीची नवलाई, मग चिडचिड, मग हळूहळू रुळणं. 'कल्चर शॉक' हा शब्दप्रयोग त्या भाषणामुळे सगळीकडे पोचला. आज कुठल्याही प्रशिक्षणात हा आलेख पडद्यावर दाखवतात.

पण मंडळी, या दोघांच्या कितीतरी आधी, आपल्या वऱ्हाड-नागपूरकडच्या एका माणसानं हे काम प्रत्यक्ष केलं होतं. ज्या देशाशी आपला काडीचा संबंध नव्हता, त्या देशातल्या शेतकऱ्यांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या शेतात शेती शिकवली होती. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे मूळचे वर्ध्याचे. विद्यार्थी असल्यापासून क्रांतिकारी चळवळीत पडले. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी देश सोडला. जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. हेतू होता लष्करी शिक्षण घेऊन इंग्रजांशी लढायचं. कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी अकादमीत ते शिकलेही. पण त्याबरोबर दुसरी एक वाट त्यांनी धरली ती शेतीशास्त्राची. ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कॉलेजांत त्यांनी शेतीचं शिक्षण घेतलं. पैसा नव्हता, म्हणून मिळेल ती मजुरी केली.

इथं जरा थांबू. ऑरेगॉनमध्ये पोर्टलंडच्या आसपास लाकूडगिरण्या होत्या आणि त्यांत पंजाबी मजूर राबत होते. बहुतेक शीख शेतकरी, काही माजी सैनिक. खानखोजे त्यांच्यात वावरले, त्यांच्यात संघटना बांधायच्या कामात उतरले. पुढे १९१३ मध्ये ज्या गदर पक्षाचा उदय झाला, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या हालचालींत सोहनसिंग भाकना यांच्यासारख्या नेत्यांबरोबर त्यांचं नाव येतं. आता विचार करा. वर्ध्याचा, मराठी बोलणारा, शिकलेला तरुण. समोर पंजाबी बोलणारा, लाकडं कापणारा शेतकरी. दोघं हिंदुस्थानी, पण भाषा वेगळी, जेवण वेगळं, राग यायची कारणंसुद्धा वेगळी. अमेरिकेत जाऊन खानखोज्यांना जी पहिली परकी माणसं समजून घ्यावी लागली, ती आपलीच होती. आम्हाला वाटतं, त्यांची पहिली शाळा तीच. वलनीच्या खदानीत छत्तीसगडच्या माणसाशेजारी घमेलं उचललेल्या कोणालाही हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पहिलं महायुद्ध पेटलं, तसे ते अमेरिकेतून निघाले आणि तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले. तिथं वेगळ्या वेषात, स्थानिक टोळ्यांबरोबर राहून इंग्रजांविरुद्ध लढले. ती लढाई फसली. युद्धानंतर ते बर्लिनच्या हिंदी क्रांतिकारकांमध्ये होते. मायदेशी परतायची वाट बंद झालेली. आणि १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले.

मेक्सिको तेव्हा कसा होता, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९१० मध्ये तिथं क्रांती झाली. मोठमोठ्या जमीनदारी वाड्यांखाली दबलेला शेतकरी उठला. १९१७च्या राज्यघटनेनं गावांना जमीन देण्याचं तत्त्व मान्य केलं. जमिनी मिळू लागल्या. पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हुकमावर राबलेल्या माणसाला बियाणं निवडायचं, खत ठरवायचं, पाण्याची पाळी लावायची, हे स्वतः ठरवण्याची सवय कोण लावणार? त्यासाठी राजधानीजवळ तेस्कोकोच्या बाजूला, एका जुन्या जमीनदारी वाड्यात राष्ट्रीय कृषी विद्यालय हलवण्यात आलं. त्या जागेचं नाव चापिंगो. खानखोजे तिथं प्राध्यापक झाले. वनस्पतिशास्त्र आणि पिकांची पैदास हे त्यांचे विषय. शिकवायचं स्पॅनिशमध्ये.

चापिंगोच्या वर्गात शिकवून ते घरी गेले असते तरी त्यांचं चरित्र भरलं असतं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी शेतकऱ्यांच्या संघटनेच्या साथीनं शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. मुक्त म्हणजे फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. क्रांतीतला शेतकऱ्यांचा नेता एमिलियानो सापाता याचं नाव त्यांना दिलं गेलं. शाळा गावातच. ज्याला कॉलेजपर्यंत येता येत नाही, त्याच्या गावात कॉलेजनं जायचं, असा हा हिशोब.

आणि त्यांचा विषय कोणता? मका. मेक्सिकोत मका हे नुसतं पीक नाही. मक्याचं मूळ घरच तो देश. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, धुवायचा, दगडी पाट्यावर वाटायचा आणि त्याच्या भाकरी तव्यावर भाजायच्या. त्याला तिथं टॉर्टिया म्हणतात. ज्याच्या आईनं पाटा-वरवंटा चालवला आणि ज्वारीची भाकर थापली, त्या वर्ध्याच्या माणसाला मेक्सिकोच्या चुलीपुढे अगदीच परकं वाटलं नसेल, असा आमचा अंदाज आहे. अंदाज म्हणूनच तो घ्या.

पण हे बघा, मक्याच्या घरात जाऊन मक्यावर शिकवायचं म्हणजे काय? कोणी मेक्सिकन माणूस विदर्भात येऊन आपल्याला ज्वारी कशी पेरायची ते सांगू लागला तर आपण ऐकून घेऊ का? "भाऊ, तू कालचा पोरगा" म्हणू. खानखोज्यांचं ऐकलं गेलं. त्यांनी मक्याच्या तिथल्या वाणांचा अभ्यास केला, मका आणि त्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते यांच्या संकरावर काम केलं. १९३०च्या सुमारास मक्याच्या नव्या वाणांवर त्यांचं लिखाण स्पॅनिशमध्ये छापून आलं. तिना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकार स्त्रीनं त्यांच्या कणसांची आणि शाळांची छायाचित्रं काढली. म्हणजे शिकवायच्या आधी त्यांनी तिथल्याच शेतातली कणसं हातात घेऊन, सोलून, मोजून बघितली होती. तिथल्या शेतकऱ्याला जे माहीत होतं, त्याच्या पुढचं एक पाऊल त्यांनी टाकलं. अमेरिकेतल्या कॉलेजात शिकलेलं जसंच्या तसं आणून ओतलं नाही.

याचा पुरावा भिंतीवर आहे. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा यांनी भलीमोठी भित्तिचित्रं काढली. त्यांतल्या एका चित्रात जेवणाचं टेबल आहे, भोवती कष्टकरी माणसं आहेत आणि मधोमध बसून सगळ्यांना भाकरी मोडून देणारा माणूस आहे. चेहरा खानखोज्यांचा. चित्राचं नाव 'आमची भाकर' असं मराठीत करता येईल. वेल्डरकाकांचा प्रश्न आठवला का तुम्हाला? तिथं कोणाच्या घरी जेवले? खानखोज्यांना तर मेक्सिकोनं आपल्याच टेबलाच्या मानाच्या जागी बसवलं, आणि तेही सरकारी इमारतीच्या भिंतीवर.

म्हणून आमचं आजचं म्हणणं एवढंच. परदेशात किती वर्षं राहिलो याला फार किंमत नाही. तिथं विद्यार्थी म्हणून राहिलो की पाहुणा म्हणून, यावर सगळं अवलंबून. पाहुण्याला सगळे सांभाळून घेतात, त्याची चूक कोणी दाखवत नाही, म्हणून तो काही शिकत नाही. विद्यार्थ्याची चूक दिवसातून दहा वेळा दाखवली जाते. ज्याची चूक परक्या भाषेत, परक्या लोकांनी दाखवलेली आहे, त्यालाच पुढे दुसऱ्याची चूक न दुखवता दाखवता येते. हीच प्रशिक्षकाची विद्या आहे.

हे फक्त खानखोज्यांचं असतं तर आम्ही अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. पण दुसरं उदाहरण आहे, आणि त्याचाही शेवट वर्ध्याजवळच झाला. धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ. बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा, या एका ध्यासानं ते १८९९च्या अखेरीस घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असं फिरत १९०२ मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले. तिथं विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांजवळ पाली शिकले, श्रामणेर झाले. श्रामणेर म्हणजे संघातला सगळ्यांत धाकटा. वयानं पंचविशी ओलांडलेला, संस्कृत शिकलेला माणूस, आणि बसायचं शेवटी. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले.

या धाकटेपणानंच त्यांचं आयुष्य उभं केलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी, की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहावं. मग हार्वर्डच्या प्राध्यापक वुड्स यांच्याशी गाठ पडली आणि १९१० मध्ये कोसंबी अमेरिकेला गेले. काम होतं 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं, प्राध्यापक लॅनमन यांच्याबरोबर. तिथं संपादनाच्या श्रेयावरून लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परतले. हे मुद्दाम सांगतो, कारण या व्यवसायात हा प्रश्न आजही आहे. दोन संस्कृतींच्या मध्ये उभा राहून काम करणारा माणूस लागतो सगळ्यांना, पण मुखपृष्ठावर नाव कोणाचं, हे ठरवताना तो मदतनीस होतो. मग ते पुढेही हार्वर्डला गेले, लेनिनग्राडलाही गेले. विसुद्धिमग्गाची ती आवृत्ती १९५० मध्ये निघाली तेव्हा कोसंबी हयात नव्हते. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला होता.

पण १९१२ मध्ये परत आल्यावर त्यांनी काय केलं? फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवायला सुरुवात केली. पु. वि. बापटांसारखे विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. आणि मराठीत लिहिलं, साध्या मराठीत. सिलोनच्या विहारात जे मिळालं, ते त्यांनी पुण्यातल्या पोरांना कळेल अशा भाषेत आणलं. खानखोज्यांनी बाहेरच्यांना शिकवलं, कोसंब्यांनी बाहेरचं घरच्यांना शिकवलं. दोघांनीही आधी खालच्या पाटावर बसून घेतलं होतं.

आता घरच्यांचा विषय निघालाच आहे, तर खानखोज्यांचं परतणं सांगायला हवं. ही कहाणी तितकी गोड नाही.

१९४७ला देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडलं, ते मिळालं. खानखोज्यांनी परत यायचं ठरवलं. मेक्सिकोत त्यांचं लग्न झालेलं, पत्नी बेल्जियन, दोन मुली. त्यांनी अर्ज केला, तर प्रवेश परवाना नाकारण्यात आला. कारण? इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं आणि इंग्रज गेले तरी यादी तशीच राहिली होती. पुढे तो निर्णय बदलला. ते आले, १९५०च्या दशकाच्या मध्यात नागपूरला स्थायिक झाले. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, १९५६ पर्यंत.

ज्या माणसानं मेक्सिकोला आपलंसं केलं, त्याला स्वतःच्या देशात येण्यासाठी परवानगी मागावी लागली. या व्यवसायातले लोक परतल्यावर बसणाऱ्या धक्क्याबद्दल बोलतात. परदेशी रुळताना माणूस जसा खाली-वर होतो, तसाच परतल्यावर पुन्हा होतो, हे गुलाहॉर्न दांपत्यानं १९६३ मध्ये मांडलं. आलेखात ते इंग्रजी डब्ल्यूसारखं दिसतं. पण आलेखात एक गोष्ट येत नाही. गेलेला माणूस बदलून येतो, आणि घरच्यांच्या यादीत मात्र तो जुन्याच नावानं, जुन्याच शेऱ्यासह असतो.

आणखी एक तारीख सांगतो. १९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं मागवलं. हरित क्रांतीची ती सुरुवात. लेर्मा रोहो, सोनोरा ६४ ही नावं जुन्या शेतकऱ्यांनी ऐकली असतील. नॉर्मन बोरलॉग यांनी १९४४ पासून मेक्सिकोत जे काम केलं, त्याचं ते फळ. त्याच मेक्सिकोच्या मातीत बोरलॉग यांच्या वीस वर्षं आधी पोचलेला, तिथल्या शेतकऱ्यांना त्यांच्या गावात जाऊन शिकवलेला माणूस, त्या वर्षी इथून तासाभराच्या वाटेवर नागपुरात होता. २२ जानेवारी १९६७ला तो गेला. मेक्सिकोच्या बियाण्याबरोबर मेक्सिकोतला गावाच्या शाळेचा अनुभवही इथं रुजू शकला असता, ही हळहळ आम्हाला आजही वाटते. बियाणं जहाजातून येतं. शिकवण्याची रीत माणसातूनच येते, आणि त्या माणसाला कोणीतरी आपल्या अंगणात बोलवावं लागतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोच्या कृषी विद्यापीठात खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते. त्या आठवड्यात आपल्याकडे कितीतरी लोकांनी विचारलं, "हे खानखोजे कोण?" नागपुरातही विचारलं. आमच्या घरीही विचारलं गेलं, ते लपवत नाही.

आता उलट बाजू बघू. आपण म्हणतो परदेश, पण कोणासाठी तरी नागपूर हाच परदेश असतो. भदंत सुरई ससाई तुम्हाला सांगायला नकोत. जपानमध्ये जन्मलेले हे भिक्खू १९६०च्या दशकात भारतात आले, नागपुरात पोचले आणि इथलेच झाले. भारताचं नागरिकत्व घेतलं. दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीपुढे ते हिंदीतून बोलतात. ती हिंदी शाळेत शिकलेली नाही, हे ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यात कळतं. ती वस्तीतून आलेली आहे, घराघरांतून. कामठी रोडनं जाणाऱ्या कितीतरी आयाबायांनी एका जपानी माणसाला आपली भाषा, आपलं जेवण, आपलं दुःख शिकवलं असेल. शिकवणाऱ्यांमध्ये त्यांचंही नाव धरायला पाहिजे.

खापरखेड्यातल्या मंडळींनी हेच घ्यावं असं वाटतं. तुमच्याकडे नवा माणूस येतो, तेव्हा तुम्ही कोणाच्या तरी परदेशवासाचे गुरुजी असता. बिहारचा कंत्राटी कामगार इथं आला, त्याला दोन वर्षांत मराठी घरी कोणी जेवायला बोलावलं का? त्याला "अबे" म्हणणारे किती आणि "भाऊ" म्हणणारे किती? तो इथून जे घेऊन जाईल, तेच उद्या त्याच्या गावी महाराष्ट्र म्हणून सांगेल.

तर त्या मुलीला आता नीट उत्तर देतो. ती आज इथं नाही, जर्मनीतच पोचली असेल, पण हे व्याख्यान ती ऑनलाइन वाचते असं तिच्या वडिलांनी सांगितलं.

बाई, करिअर होऊ शकतं. पण पाच वर्षं राहिल्यानं होणार नाही. तिथली भाषा शिक, आणि ऑफिसातली नव्हे, शेजारणीची शिक. पहिल्या वर्षी तुझ्या चुका कोण दाखवतंय बघ. कोणीच दाखवत नसेल तर तू अजून पाहुणी आहेस, काळजी कर. मराठी मंडळात जा, गणपती कर, मन हलकं होतं, त्यात वाईट काही नाही. पण सगळे रविवार तिथंच घालवू नकोस. तुझ्या ऑफिसात तुर्कस्तानातून, व्हिएतनाममधून आलेले लोक असतील. त्यांचाही परदेशवासच चालला आहे. त्यांच्याकडून शीक, कारण त्यांना जे दिसतं ते तिथल्या मूळ माणसाला दिसत नाही. एक वही ठेव. तिच्यात तिथले लोक कसे आहेत हे लिहू नकोस. आपण कुठे चुकलो आणि कोणी सावरलं, हे लिही. परत येशील तेव्हा ती वहीच तुझं प्रमाणपत्र.

आणि परत येशील तेव्हा आम्ही, म्हणजे इथं बसलेले सगळे, तुला जुन्या यादीतल्या नावानं हाक मारू. "काय गं, तिकडची मेमसाहेब" असंही म्हणू. तेव्हा रागावू नकोस. आम्हालाही शिकवावं लागेल. खानखोज्यांच्या बाबतीत आपण ते शिकलो नाही. तुझ्या बाबतीत शिकायचा प्रयत्न करू.

आम्हाला जाग आणणारे ते वेल्डरकाका त्यानंतर आम्हाला पुन्हा भेटले. पुढच्या तुकडीच्या वेळी आम्ही आयोजकांना विनंती केली, की व्याख्यान त्यांनीच द्यावं, आम्ही मागच्या बाकावर बसतो. ते दीड तास बोलले. यादी एकही सांगितली नाही. एका पाकिस्तानी क्रेनचालकाबरोबर एका खोलीत दोन वर्षं कशी काढली, एवढंच सांगितलं. भांडण कशावरून व्हायचं, डाळ कोण शिजवायचं, ईदला काय झालं, दिवाळीला काय झालं. पोरं टिपण घ्यायची विसरली. आमच्या वहीत मात्र त्या दिवशीची सहा पानं भरली आहेत.

रात्रपाळीची मंडळी उठायला लागलेली दिसतात. तेव्हा थांबतो. ज्यांना वेळ आहे त्यांनी प्रश्न विचारावेत, आणि ज्यांनी बाहेर राहून काही शिकलं आहे, मग ते मस्कत असो की मुंगेली, त्यांनी प्रश्नाऐवजी अनुभव सांगितला तरी चालेल. आम्ही लिहून घेऊ.